हेडफोन ऐकायला टोकियोत रांगा का लागतात?

2016 च्या सप्टेंबरात ॲपलनं आयफोन 7 मधून इअरफोनचं छिद्रच काढून टाकलं आणि हळूहळू बाकीच्या कंपन्याही त्याच वाटेनं गेल्या. डब्यात फुकट येणारा इअरफोन बंद झाला. आता तो आपला आपण निवडायचा, आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. डब्यावर हाय-रेझ, एलडॅक, प्लेनर, बॅलन्स्ड, 32 ओहम असे शब्द असतात. किंमत पाचशे रुपयांपासून काही लाखांपर्यंत कितीही. यातलं कानाला नेमकं काय कळतं, हे दुकानदार सांगत नाही आणि जाहिरात तर नाहीच नाही.

जपानमध्ये या प्रश्नाला सरळ उत्तर आहे: लावून बघा. त्यासाठी टोकियोत दरवर्षी मेळे भरतात आणि हजारो माणसं फक्त हेडफोन ऐकायला येतात. दोन मेळे विशेष प्रसिद्ध आहेत. एक फुजिया एव्हिक या दुकानाचा ‘हेडफोन फेस्टिव्हल’. हे दुकान नाकानो ब्रॉडवे या 1966 सालच्या जुन्या बाजारसंकुलात आहे आणि जुन्या-नव्या ऑडिओ वस्तूंच्या खरेदी-विक्रीसाठी ओळखलं जातं. मेळा वर्षानुवर्षं जवळच्याच नाकानो सनप्लाझात भरायचा. ती इमारत 2023 च्या जुलैत बंद झाली आणि मेळा टोकियो स्टेशनजवळच्या सभागृहांत गेला. दुसरा टोकियोच्याच अकिहाबारा भागातला ‘पोटाफेस’, इ-इअरफोन या फक्त इअरफोन-हेडफोन विकणाऱ्या दुकानाचा. दोन्हीकडे प्रवेशाला पैसे पडत नाहीत, फक्त आधी नाव नोंदवावं लागतं.

हे मेळे आहेत कशासाठी, हे कळलं की डब्यावरचे निम्मे शब्द आपोआप सुटतात.

जपानमध्येच का?

चालता चालता स्वतःपुरतं गाणं ऐकायची सवय जगाला लावली ती जपाननं. सोनीचा पहिला वॉकमन, टीपीएस-एल2, 1 जुलै 1979 ला 33,000 येनांना बाजारात आला. सोनीचे संस्थापक मासारू इबुका यांना विमानप्रवासात ऐकायला हलकं यंत्र हवं होतं. खरी करामत मात्र यंत्राइतकीच हेडफोनची होती. तेव्हाचे हेडफोन तीनशे-चारशे ग्रॅमचे असत आणि वॉकमनसोबतचा सुमारे पन्नास ग्रॅमचा. पहिले 30,000 नग बनवले होते. जुलैत त्यातले जेमतेम 3,000 खपले आणि ऑगस्टअखेर सगळे संपले. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन छिद्रं होती, कारण एकट्यानंच ऐकणं उद्धटपणाचं दिसेल अशी धास्ती खुद्द सोनीचे दुसरे संस्थापक अकिओ मोरिता यांना वाटत होती.

पुढे एकट्यानं ऐकणं हाच तिथला शिष्टाचार झाला. टोकियोची घरं लहान आणि शेजार भिंतीला भिंत लावून. आगगाडीत फोन वाजू द्यायचा नाही, बोलायचं नाही आणि इअरफोनमधून बाहेर झिरपणारा आवाजही शेजाऱ्याला त्रास समजायचा. आपल्याकडे लोकलमध्ये कुणाच्या तरी फोनवरचं गाणं अख्ख्या डब्याला ऐकावं लागतं. ज्यांनी ते सोसलंय त्यांना यातली सोय लगेच पटेल. दिवसाचे दोन-तीन तास माणूस गाडीत आणि कानात इअरफोन, म्हटल्यावर तो चांगला असावा ही चैन उरत नाही. शिवाय बनवणारेही घरचेच: ऑडिओ-टेक्निका, फोस्टेक्स, फायनल, स्टॅक्स. कारखान्यातला इंजिनिअर सकाळी निघून मेळ्यात टेबलामागे उभा राहू शकतो, आणि बऱ्याचदा तोच उभा असतो.

आधी थोडं यंत्र समजून घेऊ

फोनमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे. त्या आकड्यांवरून विजेची लहर तयार करणाऱ्या चिपला डॅक म्हणतात. ती लहर क्षीण असते, तिला जोर देतो तो ॲम्प. आणि त्या विजेनं हवा हलवून प्रत्यक्ष आवाज करणारा भाग म्हणजे ड्रायव्हर. प्लेअर, डोंगल (फोनला वायरचा इअरफोन जोडायचा छोटा जोड), ब्लूटूथ इअरबड, काहीही घ्या, आत हीच तीन माणसं कामाला असतात. डॅकच्या चिपा बनवणारे जगात मोजकेच आहेत. 2020 च्या ऑक्टोबरात मियाझाकी प्रांतातल्या नोबेओका गावी आसाही कासेईचा चिप-कारखाना जळाला तेव्हा कित्येक कंपन्यांना आपली यंत्रं दुसऱ्या चिपा घालून नव्यानं आखावी लागली.

ड्रायव्हरचे चार प्रकार मेळ्यात भेटतात. सर्वांत रुळलेला डायनॅमिक: पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं, ते चुंबकाजवळ हलतं. प्लेनरमध्ये वेटोळं नसतं, पातळ पडद्यावरच तारा छापलेल्या असतात. बॅलन्स्ड आर्मेचर हा इवलासा ड्रायव्हर श्रवणयंत्रातून आलेला. एकेका इअरफोनमध्ये असे चार, सहा, दहासुद्धा बसवतात. चौथा स्थिरविद्युत प्रकार. जपानच्या स्टॅक्सनं असा हेडफोन 1960 मध्येच आणला. त्यात केसाहून कितीतरी पातळ पडदा दोन जाळ्यांच्या मधे तरंगत असतो, त्यावर 580 व्होल्टचा दाब असतो आणि चालवायला खास ॲम्प लागतो. स्टॅक्सचा वरचा हेडफोन पाच लाख येनांच्या पुढे जातो. मेळ्यात तो कुणीही डोक्यावर चढवू शकतं, विद्यार्थीसुद्धा.

एवढं यंत्र पुरे. डब्यावर याहून जास्त लिहिलेलं असतं, पण निवड करताना यंत्रापेक्षा मोठी गोष्ट तुमच्या डोक्याच्या दोन बाजूंना आहे.

सगळा खेळ कानाचा

हे आत्ता घरी करून बघा. रबरी टोकाचा इअरफोन लावा, पखवाज किंवा तबल्याचं काहीतरी सुरू करा आणि इअरफोन बोटानं हळूच आत दाबा. डग्ग्याचा घुमारा एकदम भरून येईल. आता किंचित सैल करा. घुमारा गायब, उरते ती नुसती टिकटिक. इअरफोन तोच, गाणं तेच. फरक फक्त फटीचा. खालच्या सुरांसाठी कानाच्या नळीत हवेचा दाब टिकावा लागतो आणि फट राहिली की तो निसटतो. ‘याला बेसच नाही’ अशा तक्रारींत दोष बऱ्याचदा इअरफोनचा नसतो, चुकीच्या मापाच्या रबराचा असतो. पुष्कळांच्या डाव्या-उजव्या कानांची मापंही वेगळी असतात. दोन्हीकडे एकाच मापाचं रबर लावलं पाहिजे असा काही नियम नाही.

दुसरी गोष्ट जरा सूक्ष्म आहे. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्यानं बंद. अशी नळी काही सुरांना स्वतःहून उचलून धरते. माणसाच्या कानात ते साधारण 3,000 हर्ट्झच्या आसपासचे सूर. (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं.) गाण्यातल्या शब्दांची स्पष्टता बरीचशी याच पट्ट्यात असते. इअरफोन खुपसला की नळीचं तोंड बंद होतं आणि ही नैसर्गिक वाढ बदलते. म्हणून बनवणाऱ्याला ती मुद्दाम भरून द्यावी लागते. किती भरायची? तो सरासरी कानाचा अंदाज घेतो. तुमची नळी सरासरीहून लांब, आखूड, वाकडी असली, रबर थोडं वर अडकलं, तर तोच इअरफोन तुम्हाला कर्कश लागेल आणि मित्राला गोड. दोघंही खरं बोलत असतात.

हर्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं: लोकांना खालच्या-वरच्या सुरांचा कोणता तोल आवडतो? बहुसंख्यांची पसंती एकाच प्रकारच्या तोलाकडे गेली, आणि तो तोल आज ‘हर्मन टार्गेट’ म्हणून ओळखला जातो. पण सगळ्यांची नाही. काहींना खर्ज त्याहून जास्त हवा होता, काहींना कमी.

मेळ्यातल्या एका टेबलावर मी एक वयस्क गृहस्थ पाहिले. त्यांनी खिशातून औषधाच्या गोळ्या ठेवायची, खणाखणांची प्लॅस्टिकची डबी काढली. खणांत गोळ्यांऐवजी इअरफोनची रबरं, मापांप्रमाणे लावलेली. टेबलामागच्या मुलीनं इअरफोन पुसून दोन्ही हातांनी पुढे केला. त्यांनी कंपनीचं रबर काढलं, आपलं चढवलं, कानाची पाळी वर ओढून इअरफोन बसवला आणि मगच प्लेअरचं बटण दाबलं. ऐकून झालं, त्यांनी एक माप लहान रबर लावलं आणि तोच तुकडा पुन्हा ऐकला. इअरफोन कसा निवडावा याचा याहून चांगला धडा मला कुठल्या लेखात मिळालेला नाही.

याच विचाराचं टोक म्हणजे कानाच्या ठशावरून घडवलेले इअरफोन. जपानमधल्या सुयामा डेंटल लॅबोरेटरीनं ‘फिटइअर’ या नावानं ते बनवले. दातांच्या कामात ठसा घेऊन तंतोतंत बसेल अशी वस्तू घडवायचं जे कसब लागतं, तेच इथे कानासाठी वापरलं जातं.

मग रिव्ह्यू वाचून, यूट्यूबवर बघून काम भागणार नाही?

अर्धं भागेल. टिकाऊपणा, वजन, बॅटरी, ॲप नीट चालतं का, हे दुसऱ्याच्या अनुभवावरून कळतं. आवाजाचं मात्र चष्म्यासारखं आहे: शेजाऱ्याला त्याच्या चष्म्यातून लख्ख दिसतं म्हणून तो तुमच्या डोळ्यांना चालेलच असं नाही. आणि यूट्यूबवर ‘आवाजाचा नमुना’ ऐकवतात तेव्हा तुम्ही तो तुमच्याच जुन्या इअरफोनमधून ऐकत असता, हे विसरू नका.

इतक्या गर्दीत ऐकून काय कळणार?

हा आक्षेप रास्त आहे. मागे जाळी असलेले उघडे हेडफोन बाहेरचा आवाज आत घेतात, त्यामुळे मेळ्याच्या कोलाहलात त्यांचे बारकावे झाकले जातात. अशांसाठी शांत खोली मिळाली तरच मत बनवावं. कान बंद करणाऱ्या इअरफोनचं तसं नाही, त्यांचा निवाडा तिथे बऱ्यापैकी होतो.

मोठा धोका वेगळाच आहे. दोन इअरफोनांपैकी जो थोडा मोठ्यानं वाजतो तो माणसाला अधिक चांगला वाटतो. फरक इतका लहान असू शकतो की ‘हा मोठा वाजतोय’ हे लक्षातही येत नाही, फक्त ‘हा जास्त खुला, जास्त जिवंत वाटतो’ असं वाटतं. कारण आवाज वाढला की खर्ज आणि अगदी वरचे सूर प्रमाणाबाहेर जास्त ऐकू येतात; फ्लेचर आणि मन्सन यांनी हे 1933 मध्येच मोजून दाखवलं. एकाच प्लेअरच्या एकाच पातळीवर दोन इअरफोन सारखे वाजत नाहीत. प्रत्येक वेळी आवाज खाली आणून, गाणाऱ्याचा गळा तेवढाच मोठा लागेपर्यंत हळूहळू वाढवावा आणि मग तुलना करावी.

ऐकायचं काय, हेही ठरवून जावं. प्रदर्शनासाठी ठेवलेली चकचकीत रेकॉर्डिंगं कशावरही छान वाजतात. आपल्याला पाठ असलेलं गाणं न्यावं. मराठी माणसाजवळ यासाठी दोन उत्तम कसोट्या आहेत. एक तानपुरा. मिरजेच्या कारागिरांनी लावलेल्या जवारीतून एकाच तारेवर वरच्या सुरांची जी रांग उमटते, ती चांगल्या इअरफोनवर सुटी सुटी ऐकू येते आणि वाईटावर नुसती गुणगुण होते. दुसरी भजनातले टाळ. टाळांचा आघात, त्यानंतर विरत जाणारा झंकार आणि खाली पखवाज, एवढं तिन्ही वेगळं राहिलं तर तो इअरफोन पुढे तपासण्याच्या लायकीचा.

महाग तेवढा चांगला?

नाही, आणि हे कुणाचं वैयक्तिक मत नाही. येरून ब्रेबार्ट यांनी 2017 मध्ये 283 हेडफोनांची मोजमापं आणि किमती शेजारी ठेवून पाहिल्या. सुरांचा तोल आणि किंमत यांच्यात त्यांना संबंध सापडला नाही. महागड्या वस्तूत पैसा जातो तो बांधणीत, सामग्रीत, आरामदायीपणात आणि थोड्या हातांनी थोडेच नग बनवण्यात. सोनीनं 1989 मध्ये एमडीआर-आर10 काढला तेव्हा त्याच्या वाट्या जपानी केयाकीच्या लाकडात कोरल्या होत्या आणि पडद्यासाठी जिवाणूंनी तयार केलेला सेल्युलोज वापरला होता. अशी वस्तू हातात घेण्याचा आनंद खरा आहे, त्याला कमी लेखू नये. फक्त तो आनंद आणि ऐकू येणारा फरक वेगवेगळे मोजावेत. मेळ्यात हे सोपं जातं, कारण अडीच हजार येनांचा आणि अडीच लाखांचा इअरफोन हाकेच्या अंतरावर असतात.

हाय-रेझचा सोनेरी शिक्का बघावा का?

सीडीत सेकंदाला 44,100 वेळा आवाजाची नोंद असते. त्यातून 22,050 हर्ट्झपर्यंतचे सूर साठवता येतात. तरुण, निरोगी कानाची मर्यादा 20,000 च्या आसपास, आणि वयानुसार ती खाली येत जाते. हाय-रेझ म्हणजे याहून दाट नोंद. जपान ऑडिओ सोसायटीचा शिक्का मिळायला हेडफोननं 40,000 हर्ट्झपर्यंत वाजलं पाहिजे, म्हणजे माणसाला ऐकू येतं त्याच्या दुप्पट. शिक्का त्या आकड्याबद्दल आहे. गोडव्याबद्दल किंवा तोलाबद्दल तो काहीच सांगत नाही.

फरक ऐकू येतो का? मेयर आणि मोरान यांच्या 2007 च्या चाचणीत ऐकणाऱ्यांना तो ओळखता आला नाही. जोशुआ राइस यांनी 2016 मध्ये 18 प्रयोग एकत्र करून साडेबारा हजारांवर चाचण्या तपासल्या. अचूक ओळखीचं प्रमाण 52.3 टक्के निघालं. नुसत्या अंदाजानं 50 टक्के जमतातच, तेव्हा फरक असलाच तर बारीक आहे. रेकॉर्डिंग चांगलं असणं आणि रबर नीट बसणं यांचा परिणाम याच्या कित्येक पट मोठा. शिक्क्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्लूटूथ असताना वायर कशाला?

सीडीचा आवाज सेकंदाला 1,411 किलोबिट मागतो. ब्लूटूथवरून एवढं सहसा जात नाही, म्हणून तो आवळून पाठवतात. आवळण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. सर्वत्र चालणारा एसबीसी सुमारे 328 किलोबिटपर्यंत, सोनीचा एलडॅक 990 पर्यंत. शांत घरात एलडॅक आणि वायर यांतला फरक ओळखणं बहुतेकांना जड जाईल. मात्र मेळ्यात एकाच 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेकडो फोन, इअरबड आणि वायफाय एकमेकांत मिसळतात आणि आवाज तुटू शकतो. तसं झालं तर तो दोष इअरबडच्या नावावर मांडू नका.

वायर वापरायची तर ओहम समजून घ्यावा लागतो. ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध. साधे इअरफोन 16 ते 32 ओहमचे, फोनच्या डोंगलवर आरामात वाजतात. सेनहायझरच्या एचडी 600 सारखे हेडफोन 300 ओहमचे, त्यांना जास्त व्होल्ट लागतात. पण एकट्या ओहमवर जाऊ नये. काही प्लेनर हेडफोन कमी ओहमचे असूनही भूक मोठी असते, म्हणून ‘संवेदनक्षमता’ हा आकडाही बघावा: ठरावीक वीज दिल्यावर किती मोठा आवाज येतो ते. बॅलन्स्ड म्हणजे डाव्या-उजव्या कानाला पूर्णपणे वेगळी तार, त्यासाठीच्या 4.4 मिलिमीटरच्या पिनेचं मानक जपानच्या जेइटा या उद्योगसंघटनेनं 2016 मध्ये ठरवलं. जास्त वीज मागणाऱ्या हेडफोनला तिचा जोर उपयोगी पडतो. साध्या इअरफोनला बहुतेक वेळा काही फरक पडत नाही.

दिवसभर ऐकून कानांना इजा होणार नाही?

होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास सुरक्षित, 90 ला फक्त 4 तास आणि 100 ला सुमारे 20 मिनिटं. मेळ्यात आजूबाजूच्या गोंगाटावर मात करायला हात नकळत आवाज वाढवतो. अधूनमधून इअरफोन न लावता बाहेर बसावं. दमलेल्या कानाला फरकही कळत नाहीत.

जायचं असेल तर

आपला प्लेअर किंवा डोंगल लावलेला फोन, गाणी त्यात उतरवून घेतलेली, आपली रबरं आणि टाइप-सी व 3.5 मिलिमीटरचे जोड सोबत ठेवा. नव्या मालाच्या टेबलांवर वेळेचे कागदी टोकन देतात, ते सकाळीच घ्यावं. प्लग लावण्याआधी आवाज शून्यावर आणा आणि वस्तू परत देतानाही. फोटो काढायचा तर विचारून. मागे रांग असेल तर तीन-चार मिनिटांत उठा, हवं तर पुन्हा रांगेत या. मेळ्याची तारीख जमली नाही तरी बिघडत नाही: अकिहाबारातल्या इ-इअरफोनच्या दुकानात नेहमीच्या दिवशीही इअरफोन मोकळेपणानं लावून बघता येतात.

तिथून काही आणायचं ठरलं तर वॉरंटी भारतात चालते का, हे पावती करण्याआधी विचारा. टेबलावरचा ॲम्प घेणार असाल तर मागची पट्टी वाचा. जपानमध्ये घरची वीज 100 व्होल्टची आहे, आपली 230. फक्त 100 लिहिलेला ॲम्प आपल्याकडे सरळ भिंतीला लावला तर जळेल. त्याला योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. 100–240 लिहिलेलं असेल तर फक्त पिन बदलायची.